भिंतीतले पाच व्होल्ट

भिंतीला कान असतात, असे आपले पूर्वज सांगून गेले. ते वाड्यांत राहणारे लोक; कुजबुज बाहेर फुटू नये एवढीच त्यांना भिंतीची धास्ती. आजच्या भिंतीचे कान किती तिखट आहेत ते ठाऊक नाही, पण तिला तोंडे मात्र फुटली आहेत. पलंगाच्या उशाशी, ओट्याच्या कडेला, अभ्यासाच्या टेबलामागे, नव्या घरात जिथे पाहाल तिथे थ्री-पिनच्या शेजारी दोन चपटी तोंडे आ वासून बसलेली असतात. त्यांना यूएसबी म्हणतात. गंमत अशी की ही तोंडे खात नाहीत, खाऊ घालतात. त्यांत वायर खुपसली की मोबाईल जेवायला बसतो. वेगळा चार्जर नको की काही नको.

मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने मर्ढेकरांवर लिहावे, गेला बाजार पहिल्या पावसावर तरी लिहावे. याला प्लग आणि सॉकेट कुठून सुचले, असा प्रश्न आमच्या सरांना पडेल. त्याला माझा इलाज नाही. माझे वडील वायरमन आहेत. सरकारी परवान्यावर त्यांचा उल्लेख ‘तारतंत्री’ असा आहे. तो शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आप्पा वीणाबिणा वाजवतात की काय, असे मला वाटले होते! प्रत्यक्षात ते कराडच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर गेली पंचवीस-तीस वर्षे लोकांच्या भिंतींत तारा ओढत आले आहेत, आणि सुट्टी लागली की मी त्यांच्या हाताखाली. झिरी मारणे, पाइप दाबणे, स्टुलावर उभे राहणाऱ्याला पक्कड देणे ही माझी कामे. अंगभर सिमेंटची पूड घेऊन घरी आलो की आई म्हणते, “आलं बघा बी. ए.चं पीठ दळून!”

या हाताखालच्या शिक्षणात मला पहिला धडा मिळाला तो थ्री-पिनचा. आपण रोज पन्नास वेळा ती पिन खुपसतो, पण तिची वरची टोपी इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का, हे विचारत नाही. ती अर्थिंगची. आत शिरताना ती सर्वांत आधी शिरते, बाहेर पडताना सर्वांत शेवटी निघते. म्हणजे वीज यायच्या आधी राखण हजर, आणि वीज गेल्यावर मग राखणदार निघायचा. शिवाय ती आत गेली की चांगल्या सॉकेटातला एक लहानसा पडदा सरकतो आणि खालच्या दोन भोकांची वाट मोकळी होते. एखाद्या पोराने नुसतीच खालच्या भोकात आईची हेअरपिन घातली तर पडदा आडवा येतो. हा नमुना मुळात साहेबाचा. साहेबाने स्वतः १९४७ साली चौकोनी पिनांचा नवा नमुना काढला आणि गोल पिना बाजूला सारल्या. आपण स्वतंत्र झालो आणि त्याच्या गोल पिना सांभाळून बसलो. पण त्यात काही वाईट झाले असे नाही. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटाच्या डोक्यावर एक बटण असते, ही तर फारच शहाणपणाची चाल. युरोपातल्या पुष्कळ घरांत ते नसते.

तर अशी ही तीन भोकांची सुरक्षित गृहस्थी. तिच्या शेजारी यूएसबी भाड्याने राहायला आले.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ज्या गुरुजींच्या घराचे वायरिंग केले, ते आप्पांचे शाळेतले गुरुजी. आप्पांना सातवीनंतर शिकता आले नाही, पण पाढे पाठ आहेत ते गुरुजींमुळे, असे ते अजून सांगतात. गुरुजींचे जुने घर पाडून नवे बांधले. पैसे पुण्यातल्या मुलाचे, देखरेख गुरुजींची. पॉइंटमागे दर ठरला. प्लास्टर झाले, तारा ओढून झाल्या, आणि प्लेटा बसवायच्या वेळेला मुलाने पुण्याहून एक खोके पाठवले. ऑनलाइन मागवलेले बारा यूएसबी सॉकेट. पांढरे शुभ्र, कडेला निळी रेघ, अंधारात चमकणारा लहान दिवा. दिसायला कुणालाही आवडावेत असे. त्यांतले चार पलंगांच्या उशाशी बसवायचे होते. गुरुजींची नात आठवीत, ती रात्री मोबाईलवर अभ्यास करते. तिच्या खोलीत दोन.

आप्पांनी एक नग हातात घेतला, तळहातावर उडवून पाहिला आणि म्हणाले, “हलकं हाय रं.” मग माझ्याकडे दिला. “मागं काय लिवलंय ते वाच.”

इथे मला सांगितले पाहिजे की आमच्या घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न अधूनमधून निघतो. मामा काढतात, शेजारी काढतात. आप्पा कधी काढत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी मला ते उलटे करून दिले तेव्हा माझ्या मनात आले, की संहितेचे बारकाईने वाचन म्हणतात ते हेच!

संहिता अशी होती: २३० व्होल्ट, ५ व्होल्ट, २.१ ॲम्पियर, कंपनीचे म्हणून एक गुळगुळीत नाव, आणि ‘सीई’ ही दोन अक्षरे. बस्स.

सीई हा युरोपच्या बाजारातला शिक्का. माझा माल तुमच्या नियमांत बसतो, असे बनवणाऱ्याने तिकडच्या सरकारला सांगायचे, म्हणून तो मारतात. पुष्कळ वस्तूंवर तो बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर मारतो. कराडच्या भिंतीशी त्याचा संबंध काय? आपल्याकडचा शिक्का आयएसआय. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन ही संस्था १९४७ सालची. १९८७ साली तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आला, पण शिक्का आपला जुन्याच नावाने चालू आहे, लग्नानंतरही माहेरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईसारखा. प्लग-सॉकेटासाठी मानक आहे आयएस १२९३. खऱ्या शिक्क्याच्या वर हा आकडा असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घातला की परवाना कुणाचा, कशासाठी, चालू आहे की संपला, हे कळते. वाचकहो, हे करायला विज्ञान शाखा लागत नाही. अक्षरओळख पुरते.

पण खरी मेख पुढेच आहे. समजा, या बारा नगांवर आयएस १२९३ चा खरा शिक्का असता, तरी तेवढ्याने भागले असते का? ते मानक बोलते भोकांबद्दल, आतल्या पितळी पट्ट्यांबद्दल, पडद्याबद्दल, प्लॅस्टिक किती तापते आणि पेटते का याबद्दल. यूएसबीच्या मागे जे बसले आहे तो सॉकेट नव्हेच. तो अख्खा चार्जर आहे, भिंतीत चिणलेला. आणि मोबाईलच्या चार्जरसाठी आपल्याकडे निराळा दरवाजा आहे: २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू झाली, तिच्यात ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर छापावा लागतो. म्हणजे एकाच पांढऱ्या चौकोनात दोन बिऱ्हाडे, आणि दोघांची रेशनकार्डे वेगळी. एकाचे कार्ड दाखवून दुसऱ्याचे धान्य उचलण्याची सोय यात आपोआप होते. हा घोळ आपल्यापुरताच होता असेही नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने यूएसबी असलेल्या सॉकेटांसाठी स्वतंत्र भाग काढला तो २०२१ साली. तोवर ही तोंडे जगभर लाखो भिंतींत जाऊन बसली होती.

आप्पांना यातले क्रमांक ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते वजन. त्यांनी गुरुजींच्या परवानगीने एक नग फोडला. तोच मी नंतर पिशवीत घालून पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या एका मित्राकडे नेला, आणि शेजारी एका नावाजलेल्या कंपनीचा जळून निकामी झालेला चार्जर फोडून ठेवला. त्या संध्याकाळी कॅन्टीनच्या टेबलावर त्याने मला जे दाखवले, ते मला कुठल्याही प्रयोगशाळेत समजले नसते.

भिंतीत आहेत २३० व्होल्ट. मोबाईलला हवेत पाच. जलद चार्जिंग असले तर थोडे अधिक. पाच व्होल्ट म्हणजे काहीच नव्हे, कोरड्या हाताला लावले तरी माणूस दचकणारसुद्धा नाही. आता हे २३० चे ५ होतात कसे? आधी विजेची दिशा एकच केली जाते, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे केले जातात, आणि ते तुकडे नखाएवढ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जातात. त्यात दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकांना शिवत नाहीत. एकात वीज थरथरते, दुसऱ्यात चुंबकामुळे नवी उठते. म्हणजे भिंतीतली वीज तुमच्या मोबाईलपर्यंत येतच नाही! येते ती तिची प्रतिध्वनी. अलीकडच्या काठाला काही सांगायचे असले, उदाहरणार्थ ‘पुरे आता’, तर ते पलीकडे एका इवल्या दिव्याच्या उजेडाने कळवले जाते, तारेने नाही. दोन काठांच्या मध्ये हिरव्या पाटीवर एक रिकामा पट्टा सोडलेला असतो. त्यावर काही नाही, हेच त्याचे काम. मित्राने पट्टी लावली. चांगल्या चार्जरमध्ये तो पट्टा सहा मिलिमीटर भरला. आमच्या पांढऱ्या शुभ्र नगात दीडसुद्धा नव्हता, आणि त्या दीडमध्येही डाखाचा एक थेंब सांडून राहिला होता.

आणखी एक गोष्ट. या नदीवर एकच पूल बांधायची परवानगी असते, तो म्हणजे निळ्या चकतीसारखा एक कपॅसिटर. तो खास जातीचा लागतो. बिघडला तरी पूल तुटावा, वाट मोकळी होऊ नये, अशा बेताने बनवलेला. त्यावर ‘वाय’ हे अक्षर असते. कधी धातूच्या कडेचा मोबाईल चार्जिंगला असताना बोट फिरवले की मुंग्या आल्यासारखे वाटते ना? ती याच पुलावरून झिरपणारी किरकोळ वीज. आमच्या नगातल्या चकतीवर ‘वाय’ नव्हता. साधा, स्वस्तातला कपॅसिटर. तो फुटून आतून जोडला गेला तर पाच व्होल्टची वायर म्हणजे नुसती भिंतीतली फेज, थेट हातात, थेट कानात.

थ्री-पिनचा पडदा मला आप्पांनी दाखवला होता, तो डोळ्यांना दिसतो. यूएसबीलाही पडदा असतो, पण तो असा आत, पाठीमागे, दोन वेटोळ्यांच्या मधल्या फितीत आणि त्या रिकाम्या पट्ट्यात. विकत घेणाऱ्याला तो दिसत नाही, वायरमनला दिसत नाही. बनवणाऱ्याला तेवढा दिसतो, आणि पैसे वाचवायची जागाही नेमकी तीच.

हे सगळे उगाच घाबरवण्यासाठी आहे, असे कुणाला वाटेल. २०१४ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात अठ्ठावीस वर्षांची एक बाई घरात मृत सापडली. कानांत हेडफोन होते. कानांवर आणि छातीवर भाजल्याच्या खुणा होत्या. मान्यता नसलेल्या स्वस्त यूएसबी चार्जरमधून मुख्य वीज आली असावी, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा संशय होता, आणि राज्याच्या ग्राहक खात्याने तसल्या चार्जरांविरुद्ध जाहीर इशारा दिला. ते चार्जर निदान भिंतीबाहेरचे होते. इशारा ऐकून लोकांनी उपसून कचऱ्यात टाकले असतील. भिंतीत बसवलेल्याचे काय करायचे? तो उपसायला वायरमन बोलवावा लागतो. शिवाय तो पत्र्याच्या डब्यात, विटा-प्लास्टरच्या पोटात कोंडलेला. तापला तर वारा लागत नाही. आणि मोबाईल काढून घेतला तरी तो रात्रंदिवस जागाच. प्लेटेवर एक जागा वाचावी म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला बटणसुद्धा देत नाहीत. बटण नसलेला यूएसबी आप्पा कुणाच्याही घरी बसवत नाहीत.

“पण एमसीबी आहे की!” असे मीच मित्राला विचारले. तो हसला. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो, माणूस जळू नये म्हणून नव्हे. सहा ॲम्पियरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिॲम्पियर. माणूस त्याच्या कितीतरी आधी संपतो. त्याला हवा आरसीसीबी, तीस मिलिॲम्पियर गळती झाली की तोडणारा. गुरुजींच्या घरात आप्पांनी तो आग्रहाने घातला होता. पण तोही गळती झाल्यावर, वीज अंगातून जाऊ लागल्यावर तोडतो.

आता मुलाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण त्याने केले ते हजारो लोक करतात. मोबाईलच्या डब्यातून चार्जर गायब होऊ लागला २०२० पासून. युरोपने २०२४ च्या डिसेंबरपासून नव्या मोबाईलना एकच यूएसबी-सी तोंड सक्तीचे केले. एकच तोंड, मग भिंतीतच सोय का नको? विचार चोख आहे. तोंडाचा आकार सगळ्यांनी मिळून ठरवला, त्यामागे काय असावे ते मात्र बाजारावर सोडले, एवढाच त्यातला फरक.

फोनवर बोलणे झाले ते माझ्यासमोर. आप्पांनी सांगून पाहिले. तिकडून आवाज आला, “अहो काका, चार हजार लोकांनी चांगलं म्हटलंय त्याला. तुम्ही बसवा ना बिनधास्त. काही झालं तर माझी जबाबदारी.”

आप्पा म्हणाले, “जबाबदारी तुमची खरी. पर हात माझा हाय.”

“तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसरा माणूस बघतो.”

पंचवीस-तीस वर्षे तारा ओढलेल्या माणसाला ‘जमत नसेल तर’ हा शब्द कसा लागतो, ते मी पाहिले. आप्पा काहीच बोलले नाहीत. फोन गुरुजींकडे दिला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मला त्या वेळी मुलाचा राग आला, आणि गुरुजींचाही थोडा आला; कारण ते दोघांच्या मध्ये गप्प उभे होते. हिशेब सरळ होता. काम अडले तर शेवटचा हप्ता अडणार, आणि दुसऱ्या कुणी ते सॉकेट बसवले तर गावात बोलबाला होणार, की आप्पांना नवे काम येत नाही. उद्याच्या घरांची मॉड्युलर कामे त्या बोलण्यावर जाणार.

गुरुजींनी फोन ठेवला, कपाटातून भिंग आणले आणि फोडलेला नग खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मी त्यांना तो पट्टा दाखवला, चकती दाखवली. मी सांगत होतो आणि ते वर्गातल्या मुलासारखे ऐकत होते, मध्येच “म्हणजे इकडचे तिकडे जाता कामा नये, असंच ना?” असे विचारत होते. मग ते पायरीवर आप्पांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “तुझ्या घरी तू काय बसवशील रे?”

“साधा थ्री-पिन, गुरुजी. शिक्क्याचा. अन् मोबाईलवाल्या कंपनीचाच चार्जर. तो बिघडला तर उपसून फेकता येतो.”

“आणि घालायचंच झालं तर?”

“ज्याच्यावर दोन्ही नंबर हायत, अन् नंबर खरं निघत्यात, त्यो. सवता बटण देऊन. उशाजवळ न्हाई.”

पलंगांच्या उशाशी त्या दिवशी आम्ही कोऱ्या पट्ट्या बसवल्या. मागे तारा टेप लावून बंद केल्या. नातीने तोंड फुगवले, कारण तिला तो निळा दिवा आवडला होता. दिवाणखान्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या जागाही आम्ही कोऱ्याच सोडल्या. गणपतीत मुलगा आला तेव्हा त्याने कराडचा एक माणूस बोलावून दिवाणखान्यात चार बसवून घेतले. त्या माणसाने दीड तासात काम केले, असे गुरुजींनीच सांगितले. खोल्यांतल्या कोऱ्या पट्ट्यांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

मध्यंतरी ट्यूब बदलायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. दिवाणखान्यात निळे दिवे लागलेले होते. गुरुजींचा मोबाईल स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या थ्री-पिनला लावलेला होता, आणि नातीचाही. शेवटच्या हप्त्यातले साडेतीन हजार अजून यायचे आहेत. आप्पा ते मागत नाहीत. मी वहीत तारीख घालून मांडून ठेवले आहेत.